कढी फुटू नये, पांढरा रस्सा फाटू नये म्हणून

दूध नासते, कढी फुटते आणि पांढरा रस्सा फाटतो. क्रियापदे तीन असली तरी पातेल्यात दिसणारे दृश्य जवळपास एकच असते. क्षणापूर्वी एकजीव दिसणाऱ्या रश्श्यात बारीक कण तरंगू लागतात, कडेने पाणी सुटते, वर तेलाचे ठिपके जमतात आणि मग कितीही ढवळले तरी तो पूर्ववत होत नाही. चव फारशी बिघडलेली नसते, पण घास तोंडात घेतला की जिभेला रवाळपणा जाणवतो आणि तासाभराच्या मेहनतीवर पाणी पडल्यासारखे वाटते. हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी आपण शिजवत असलेल्या रश्श्याला नेमके कोणी धरून ठेवले आहे, एवढे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

दुधातुपाचे पदार्थ आणि नारळाचा रस यांना आपण एकाच मापाने मोजतो, तिथे पहिली चूक होते. दुधातील केसीन हे प्रथिन अतिशय सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात पाण्यात तरंगत असते आणि त्या गोळ्यांवरील सारख्या विद्युतभारामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), साधारण 6.6 ते 6.7 असतो. आंबटपणा वाढत जाऊन तो 4.6 च्या आसपास आला की हा भार संपतो आणि गोळे एकमेकांना चिकटतात. विरजण लावल्यावर दही लागते ते याच कारणाने. दूध कडकडीत गरम असेल, तर एवढ्या आंबटपणाचीही गरज राहत नाही. उकळत्या दुधात लिंबू पिळले की पनीर लगेच वेगळे होते, थंड दुधात तेवढ्याच रसाने ते तितके चटकन आणि तितके स्वच्छ वेगळे होत नाही. दह्यात तर केसीनची जाळी आधीच तयार झालेली असते आणि तिच्या मऊ घरांमध्ये पाणी अडकलेले असते. आच लागली की ही जाळी आकसते आणि पिळल्यासारखे पाणी बाहेर टाकते. आपल्याला दिसणारे कण म्हणजे आकसलेली जाळी, आणि कडेचे हिरवट पाणी म्हणजे तिच्यातून निघालेली निवळी.

नारळाच्या रसात केसीन नसतेच. तिथे खोबरेलाचे अगणित सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात आणि नारळातीलच थोडी प्रथिने त्या थेंबांभोवती आवरण धरून त्यांना वेगळे ठेवतात. साधारण 80 अंश सेल्सिअसच्या आसपास ही प्रथिने गोठू लागतात, आवरण सैल पडते, थेंब एकमेकांत मिसळतात आणि तेल वर येते. म्हणून दह्याच्या रश्श्याचा मोठा शत्रू आंबटपणासह येणारी आच असते, तर नारळाच्या रसाचा मोठा शत्रू खळखळती उकळी.

कढी आणि डाळीचे पीठ

आमच्या घरी कढीला उकळी येऊ द्यायची नाही, असा दंडक होता. कडेने बुडबुडे दिसू लागले आणि वर फेस चढला की पातेले खाली, यात तडजोड नव्हती. पुढे शेजारी राहणाऱ्या पंजाबी काकूंच्या स्वयंपाकघरात मी कढी अर्धा तास रटरटताना पाहिली आणि ती फुटली नाही, तेव्हा मला आमच्या दंडकाचीच शंका आली. उत्तर पिठाच्या डब्यात होते. आपण एक लिटर ताकाला जेमतेम दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम बेसन लावतो. त्या कढीत त्याच्या तिप्पट-चौपट असते. बेसनातील स्टार्चचे कण गरम पाण्यात साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान फुगू लागतात, द्रवाला दाटपणा देतात आणि प्रथिनांच्या कणांमध्ये आडवे येऊन त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाहीत. पीठ भरपूर असेल तर कढी उकळी सोसते, किंबहुना एवढ्या पिठाचा कच्चेपणा जाण्यासाठी तिला उकळावेच लागते. आपल्या पातळ, भातावर ओतून घेण्याच्या कढीत पीठ नावापुरते असते, त्यामुळे तिला उकळी झेपत नाही. दोन्ही घरांचे नियम आपापल्या जागी बरोबर होते. गोंधळ होतो तो एका घरचे पिठाचे प्रमाण घेऊन दुसऱ्या घरचा उकळण्याचा वेळ लावला की.

आता प्रत्यक्ष कृती. दही ताजे, शक्यतो अदमुरे किंवा बेताचे आंबट घ्यावे आणि ते फ्रिजमधून काढून किमान अर्धा तास बाहेर ठेवावे. कढीला आंबट ताकच लागते असे मानणारी मंडळी बरीच आहेत आणि चवीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला पटते, परंतु ताक जितके आंबट तितके पीठ थोडे वाढवावे आणि आच थोडी कमी करावी. दही रवीने घुसळून पाणी घालून ताक करावे. गुठळी राहिली तर तीच पुढे कणासारखी दिसते. बेसन कधीही गरम ताकात भुरभुरू नये. वाटीभर गार ताकात ते बोटाने किंवा चमच्याने पूर्ण मोडून घ्यावे, मग उरलेल्या ताकात मिसळावे आणि त्यानंतरच पातेले गॅसवर ठेवावे. पीठ फुगायला लागेल तेव्हा ते सगळीकडे सारखे पसरलेले असणे महत्त्वाचे आहे, आणि ते तळाशी बसू नये म्हणून आच मंद ते मध्यम ठेवून पळी तळाला घासत सतत फिरवत राहावी. एकाच दिशेने ढवळावे असे सांगितले जाते. माझ्या मते दिशेपेक्षा सातत्याला महत्त्व आहे. ती पहिली सात-आठ मिनिटे फोन घ्यायला जाऊ नये. पळीची पाठ बाहेर काढून पाहिली की सुरुवातीला तिच्यावरून ताक पाण्यासारखे ओघळते, आणि काही मिनिटांनी तिच्यावर पातळ साईसारखा थर टिकू लागतो. हा थर दिसला की पिठाने कढी धरली असे समजावे. मीठ त्यानंतर घालावे, कारण मिठामुळेही प्रथिने एकत्र यायला मदत होते आणि पीठ फुगण्याच्या आत ती संधी त्यांना देण्याचे कारण नाही.

तूप, जिरे, हिंग, कढीपत्ता, मिरची यांची फोडणी वरून घालणे सर्वांत सुरक्षित. फोडणीतच ताक ओतण्याची पद्धत असेल, तर गॅस बंद करून फोडणी दोन-तीन मिनिटे निववावी. चुरचुरत्या तुपात पडलेले पहिले वाटीभर ताक तिथल्या तिथे फुटते आणि ते कण शेवटपर्यंत राहतात. लोणी काढलेल्या ताकाची कढी चवीला उत्तम होते, पण त्यात स्निग्धांश फारसा उरलेला नसतो, त्यामुळे तिला पिठाचा आधार सायीच्या दह्याच्या कढीपेक्षा जास्त लागतो. भांडे जाड बुडाचे स्टीलचे किंवा नीट कल्हई केलेले असावे. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते, आणि तो दोष कितीही ढवळून जात नाही.

दह्यातले मटण, चिकन आणि भाज्या

कोरड्या होत जाणाऱ्या परतलेल्या मसाल्यात दही घालायचे असेल, तर ते फाटण्याची फार चिंता करू नये. चमचा-चमचा दही घालून प्रत्येक वेळी ते मसाल्यात जिरेपर्यंत परतले, की पाणी आटते, तेल सुटते आणि आकसलेले कण कांद्याच्या आणि मसाल्याच्या गराशी एकरूप होतात. प्रश्न येतो तो पातळ, फिकट रश्श्यात. तिथे दही फेटून त्यात वाटीमागे एक चहाचा चमचा बेसन, तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर मिसळावे. गॅस बंद करून रश्शाची उकळी पूर्ण बसू द्यावी. मग गरम रश्शाची एक पळी दह्यात घालून ढवळावे, पुन्हा एक पळी घालावी, आणि तिसऱ्या-चौथ्या पळीनंतर दह्याचे भांडे हाताला कोमट लागू लागले की ते सगळे पातेल्यात परत ओतावे. पुढची आच मंद, आणि पुन्हा पहिला बुडबुडा येईपर्यंत ढवळणे सुरू. गार दही गरम रश्शात थेट ओतले तर बाहेरचा थर एका क्षणात आकसतो आणि आतले गारच राहते. ही दोन मिनिटांची देवाणघेवाण नेमके तेवढे टाळते.

चिकन दह्यात मुरवून ठेवले असेल तर पाणी सुटणारच, कारण त्या दह्यात मीठ आहे, कदाचित लिंबूही आहे, आणि मांसाचा रसही त्यात उतरतो. अशा वेळी दही बांधून ठेवलेला चक्का वापरला तर सुटणारे पाणी बरेच कमी होते. शिवाय आपल्याकडे पूर्वापार वापरात असलेले डाळे, खसखस, काजू, सुके खोबरे यांचे वाटण रश्शाला दाटपणा तर देतेच, पण प्रथिनांच्या कणांमध्ये शिरून त्यांना विलग ठेवण्याचे कामही करते. वाटण जितके गंधासारखे बारीक, तितके हे काम चांगले होते.

आल्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि ते कोमट ते गरम दुधावर झपाट्याने काम करते. आल्याचा चहा कधी कधी फाटतो तो यामुळे, आणि म्हणूनच आले आधी पाण्यात खळखळून उकळून मग दूध घातले तर चहा सहसा टिकतो. रश्शालाही हेच लागू आहे. आले-लसणाचे वाटण तेलात कच्चा वास पूर्ण जाईपर्यंत परतावे, म्हणजे ते विकर उष्णतेने निकामी होते. शेवटी वरून कच्च्या आल्याचा रस घालण्याची हौस दुधाच्या किंवा सायीच्या रश्श्यात टाळावी.

साय, क्रीम आणि दूध

टोमॅटोच्या रश्श्यात दूध घालणे हा यातला सर्वांत जोखमीचा प्रकार आहे. दुधात स्निग्धांश थोडा, प्रथिने पुरेशी, आणि टोमॅटोचा पीएच साधारण 4.3 ते 4.6, तोही वाफाळता. धरून ठेवणारे असे तिथे काहीच नसते. पातळपणा हवा असेल तर साधे पाणी किंवा भाजी उकडलेले पाणी वापरावे आणि मऊपणासाठी काजूचे वाटण घालावे. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त आणि त्या मानाने केसीन कमी असल्यामुळे ती अधिक आच सोसते, तरी आपल्याकडे पाकिटातून मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश बहुधा 25 टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे तिला उकळीत टाकू नये. टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतावेत, रस्सा पूर्ण शिजवून घ्यावा, गॅस बारीक करावा आणि क्रीम सर्वांत शेवटी घालावी. घरची साय वापरायची असेल तर ती त्या दिवसाची किंवा आदल्या दिवसाची हवी. आठवडाभर साठवलेली साय आतून आंबलेली असते आणि ती गरम रश्श्यात हमखास फाटते. खायच्या सोड्याची चिमूट घालून टोमॅटोचा आंबटपणा मारण्याचा उपाय काम करतो हे खरे, परंतु त्याने टोमॅटोची चवही मरते, म्हणून मी तो सुचवणार नाही.

हाच नियम गोडालाही लागतो. गूळ थोडा आंबट असतो, त्यामुळे गुळाच्या खिरीत दूध घालून ती उकळली की नासते; गूळ विरघळून खीर कोमट झाल्यावर दूध घातले, किंवा गव्हाच्या खिरीसारखे वाढताना वरून घेतले, की अडचण येत नाही.

नारळाचा रस आणि कोल्हापूरचा पांढरा रस्सा

ओल्या नारळाचा चव कोमट पाण्यात वाटून पिळला की पहिला जाड रस निघतो, आणि त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून वाटले की दुसरा पातळ रस. कोकणात आणि गोव्यात हे दोन रस वेगळे ठेवण्याची जी शिस्त आहे, तिच्यातच सगळे शहाणपण आहे. पातळ रसात तेल कमी असते, त्यामुळे कोळंबी, मासे किंवा भाजी त्यातच शिजवावी. आमसूल किंवा चिंचही त्यातच उतरू द्यावी. जाड रस शेवटी, गॅस अगदी बारीक करून घालावा, झाकण ठेवू नये, आणि कडेला थरथर दिसू लागली की पातेले उतरवावे. झाकणाखाली रस्सा पाहता पाहता उकळतो आणि आपल्याला ते दिसत नाही, म्हणून झाकणाचा मुद्दा लहान समजू नये. मसाल्याबरोबर चमचाभर भिजवलेले तांदूळ वाटले तर रश्शाला चांगला आधार मिळतो. सोलकढी तर तापवायचीच नसते. तिच्यात कोकमाचा आंबटपणा भरपूर आणि पीठ अजिबात नाही. ठेवल्यावर तिचा जाड थर वर येतो तो फाटल्यामुळे नव्हे, ढवळले की ती पुन्हा एकसारखी होते. तसेच हिवाळ्यात किंवा फ्रिजमध्ये नारळाच्या रसात पांढऱ्या कडक गुठळ्या दिसल्या तर तो टाकून देऊ नये. खोबरेल सुमारे 24 अंशांखाली गोठते, त्याच्याच त्या गुठळ्या असतात. भांडे कोमट पाण्यात ठेवले की विरघळतात. डब्यातल्या किंवा पाकिटातल्या नारळाच्या दुधात बहुधा स्थिर ठेवणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे ते घरच्या रसापेक्षा थोडी जास्त आच सोसते.

वाटणाचा रस्सा मात्र वेगळा. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणावर येणारा तेलाचा तवंग हा दोष नाही, तांबड्या रश्शाची तर ती शोभा आहे. पांढऱ्या रश्श्यावर तोच तवंग दिसला की काम बिघडले.

पांढरा रस्सा मी अनेकदा केला आहे आणि दोनदा तो माझ्या हातून फाटला आहे. दोन्ही वेळा कारण एकच होते: मटण शिजवलेले अळणी पाणी खळखळत असताना त्यात नारळाचा रस ओतला गेला. आता मी असे करते. चार माणसांसाठी दोन मोठे चमचे काजू, एक चमचा खसखस आणि एक चमचा पांढरे तीळ गरम पाण्यात तासभर भिजवून अगदी गंध वाटून घेते. तुपात तमालपत्र, लवंग, दालचिनी, वेलदोडे, मिरी आणि उभी चिरलेली मिरची घालून, आले-लसणाचे वाटण रंग न बदलता पण कच्चेपणा जाईपर्यंत परतते. मग काजू-खसखशीचे वाटण घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे, आणि त्यावर अळणी पाणी. हे सगळे एकदा व्यवस्थित उकळू देते आणि मीठही इथेच घालते, कारण पुढे उकळायला आणि चव जुळवायला वाव नसतो. आता गॅस बंद. पातेल्यावरची वाफ सौम्य झाली, उकळीचा आवाज पूर्ण थांबला, की एका नारळाचा जाड रस वाटीत घेऊन त्यात दोन पळ्या गरम पाणी मिसळते आणि पातळ धारेने पातेल्यात सोडते, एका हाताने ढवळत. पुन्हा गॅस लावते तो सर्वांत बारीक. या टप्प्यावर डोळा पळीच्या पाठीवर ठेवावा. तिच्यावरचा थर दुधासारखा सलग असेल तोवर सर्व ठीक. त्या थरात टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसू लागले तर ते तेल आहे, आणि ही शेवटची सूचना असते. तत्काळ पातेले उतरवून त्यात वाटीभर गार पाणी किंवा गार नारळाचा रस घालून ढवळावे, बहुतेक वेळा रस्सा सावरतो.

फाटलाच तर

आधी गॅस बंद करावा. फाटलेला रस्सा ढवळत आणखी उकळणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. नारळाचा रस फाटला असेल तर तो बराचसा परत जुळवता येतो, कारण तिथे तेल फक्त वेगळे झालेले असते. रस्सा कोमट होऊ द्यावा, मांसाचे तुकडे आणि खडा मसाला काढून ठेवावा, काजूचे थोडे वाटण घालून मिक्सरमधून फिरवावे आणि पुन्हा केवळ गरम करावे, उकळू नये. वाफाळता रस्सा बंद भांड्यात फिरवू नये. वाफेने झाकण उडून हात भाजतो. कढी किंवा दह्याच्या रश्शाचे मात्र तसे नाही. एकदा आकसलेली प्रथिने मूळ रूपात येत नाहीत, मिक्सरने कण फक्त बारीक होतात. तरीही चमचाभर बेसन गार पाण्यात कालवून घातले, फिरवून गाळून घेतले आणि मंद आचेवर पीठ शिजू दिले, तर जिभेला रवाळपणा फारसा जाणवत नाही. फाटलेला रस्सा खायला अपायकारक नसतो. दूध किंवा साय घालण्यापूर्वीच नासलेली असेल तर गोष्ट निराळी, आणि ते वासावरून आधीच ओळखावे.

शिळ्या कढीला ऊत आणण्याची म्हण आपण इतरांना ऐकवतो, पण स्वयंपाकघरात ती शब्दशः पाळण्याजोगी आहे. उरलेली कढी, पांढरा रस्सा किंवा क्रीमचा रस्सा पुन्हा तापवताना जेवढा लागणार तेवढाच काढून घ्यावा, थोडे गरम पाणी घालून सैल करावा आणि मंद आचेवर ढवळत फक्त वाफ येईपर्यंत गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग उकळतो आणि काही गारच राहतो, म्हणून कमी शक्तीवर तीस-तीस सेकंदांनी बाहेर काढून ढवळावे. रस्सा गोठवून ठेवायचा असेल तर दही, क्रीम किंवा नारळाचा रस घालण्यापूर्वीचा मसाला डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि हे पदार्थ ज्या दिवशी जेवायचे त्या दिवशी ताजे घालावेत.